संदर्भोल्लेखांचा हिशेब आणि एक विषाणुशास्त्रज्ञ

एखाद्या शास्त्रज्ञाचे मोठेपण कसे सांगावे? पूर्वी त्याने काय शोधून काढले ते सांगत असत. आता बहुतेक वेळा आकडे सांगितले जातात. अमुक यांचे दोन हजार शोधनिबंध आहेत, त्या निबंधांचा उल्लेख इतरांनी लाखाहून अधिक वेळा केला आहे, त्यांचा एच-निर्देशांक इतका आहे, असे म्हटले की ऐकणारा गप्प होतो. एवढे मोठे आकडे असलेला माणूस चुकेल कसा, असे त्याला वाटते. साथीच्या दिवसांत तर अशा आकड्यांचा दबदबा फारच वाढतो, कारण तेव्हा सर्वांनाच कोणावर तरी विश्वास ठेवायचा असतो.

हे आकडे कोठून येतात, ते काय मोजतात आणि काय मोजत नाहीत, हे आम्ही या लेखात तपासणार आहोत. त्यासाठी एका प्रसिद्ध शास्त्रज्ञाचे उदाहरण घेतले आहे. हेतू व्यक्तीची निंदा करण्याचा नाही. मोजमापाच्या एका पद्धतीची परीक्षा करावयाची तर तिचे सर्वांत ठळक उदाहरण घ्यावे, एवढाच आमचा विचार आहे.

वकिलांकडून घेतलेली कल्पना

शोधनिबंधाच्या शेवटी लेखक आधीच्या निबंधांची यादी देतो. आपण कोणाच्या कामावर उभे आहोत, हे त्यातून कळते. युजीन गारफील्ड या अमेरिकन गृहस्थांनी १९५५ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक सूचना मांडली. या याद्या उलट्या क्रमाने लावल्या, म्हणजे जुन्या निबंधाच्या नावाखाली त्याचा उल्लेख करणारे पुढचे सर्व निबंध लिहिले, तर एखाद्या कल्पनेचे पुढे काय झाले याचा माग काढता येईल, अशी ती सूचना होती. तिच्यातून १९६४ पासून 'सायन्स सायटेशन इंडेक्स' नियमितपणे निघू लागला.

ही कल्पना गारफील्ड यांना वकिलांच्या एका ग्रंथावरून सुचली होती. अमेरिकेत १८७३ पासून फ्रँक शेपर्ड यांची न्यायनिवाड्यांची सूची प्रचारात होती. जुना निकाल पुढे कोणकोणत्या खटल्यांत उल्लेखिला गेला, हे तिच्यात पाहता येत असे. पण ती केवळ उल्लेख मोजत नव्हती. पुढच्या न्यायालयाने तो निकाल उचलून धरला, की रद्द ठरवला, की त्याच्याशी मतभेद दाखवला, हे दर्शविणारी चिन्हेही तिच्यात असत. वकिलाला या चिन्हांचीच गरज होती. शंभर ठिकाणी उल्लेखिलेला निकाल जर रद्द झालेला असेल, तर तो न्यायालयात दाखवून उपयोग काय?

विज्ञानात ही सूची आली तेव्हा ती चिन्हे मागे राहिली आणि फक्त संख्या उरली. या लेखातील पुढचा सारा वाद एका अर्थाने या हरवलेल्या चिन्हांचाच आहे.

एच-निर्देशांक म्हणजे काय?

२००५ मध्ये होर्हे हर्श या भौतिकीतज्ज्ञाने एक सोपे माप सुचवले. शास्त्रज्ञाचे निबंध उल्लेखांच्या उतरत्या क्रमाने लावावेत. ज्या सर्वांत मोठ्या संख्येबाबत 'निदान एवढ्या निबंधांचा प्रत्येकी निदान एवढ्या वेळा उल्लेख झाला आहे' असे म्हणता येईल, ती संख्या म्हणजे त्याचा एच-निर्देशांक.

हे फळ्यावर मांडून पाहू. एका संशोधकाच्या पाच निबंधांचे उल्लेख ४०, १२, ९, ५ आणि ३ असे आहेत. चार निबंधांना चार किंवा अधिक उल्लेख आहेत, पण पाचव्याला पाच नाहीत. म्हणून निर्देशांक ४. दुसऱ्याच्या पाच निबंधांचे उल्लेख ६, ६, ५, ५ आणि ५ आहेत. त्याचा निर्देशांक ५. एकूण उल्लेख पहिल्याचे ६९ आणि दुसऱ्याचे २७. तरी या मापाने दुसरा वरचढ ठरतो. एक अत्यंत महत्त्वाचा निबंध लिहिणाऱ्यापेक्षा बरेच मध्यम निबंध लिहिणाऱ्याला हे माप अधिक गुण देते. शिवाय ते कधी कमी होत नाही. निबंध चुकीचा ठरला, तरी तो चुकीचा आहे असे सांगणारे निबंधही त्याचा उल्लेख करतात आणि आकडा वाढतच जातो.

हे माप निरुपयोगी आहे असे मात्र आम्ही म्हणणार नाही. ओळखीपाळखीने आणि शिफारशीने नेमणुका होत, त्या काळाच्या तुलनेत आकड्यांनी थोडी शिस्त आणली. कोणते नियतकालिक घ्यावे हे ग्रंथपालाला ठरवता आले. लहान गावातील संशोधकाला आपल्या विषयातील पुढचे निबंध सापडू लागले. वाट दाखवण्यासाठी काढलेला हा नकाशा होता. त्याचा उपयोग जमिनीची किंमत ठरवण्यासाठी होऊ लागला, तेथे अडचण सुरू झाली.

मार्सेयचे राऊल्त

फ्रान्समधील मार्सेय येथील दिदिए राऊल्त हे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ. जन्म १९५२ चा. त्यांच्या नावावर दोन हजारांहून अधिक शोधनिबंध आहेत आणि त्यांचा एच-निर्देशांक दीडशेच्या वर आहे. संसर्गजन्य रोगांच्या क्षेत्रात जगात सर्वाधिक उल्लेखिल्या जाणाऱ्या शास्त्रज्ञांत त्यांची गणना होत असे.

आधी जमेची बाजू पाहू, कारण ती मोठी आहे. १९९२ मध्ये इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड येथे न्यूमोनियाच्या साथीचे कारण शोधताना एका शीतक-मनोऱ्याच्या पाण्यातील अमीबामध्ये एक गोल कण आढळला होता. तो साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसत होता आणि जीवाणूसारखा रंगही घेत होता. म्हणून तो जीवाणूच समजला गेला. पुढे मार्सेयच्या प्रयोगशाळेत तो इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा तो चक्क विषाणू निघाला. २००३ मध्ये 'मिमिव्हायरस' या नावाने तो जगापुढे आला. त्याच्या जनुकसंचात सुमारे १२ लाख आधार-जोड्या आहेत. करोना विषाणूच्या जनुकसंचात सुमारे ३० हजार आधार असतात. म्हणजे मिमिव्हायरसचा संच त्याच्या चाळीसपट. विषाणू म्हणजे जेमतेम काही जनुकांचे गाठोडे, ही पाठ्यपुस्तकातील समजूत त्यामुळे ढासळली. २००८ मध्ये याच गटाने अशा महाकाय विषाणूच्या जिवावर जगणारा 'स्पुटनिक' हा छोटा विषाणू वर्णन केला. हे काम अस्सल आहे आणि उल्लेखांची संख्या शून्य असती तरी ते अस्सलच राहिले असते.

आता आकड्याकडे वळू. चाळीस वर्षांत दोन हजार निबंध म्हणजे वर्षाला पन्नास. सुट्ट्या वगळल्या तर आठवड्याला एक. एका निबंधासाठी प्रयोग आखायचे, नोंदी तपासायच्या, निष्कर्षांवर वाद घालायचा, मसुदा पुन्हा पुन्हा वाचायचा. आठवड्याला एक या वेगाने हे सर्व एका माणसाकडून होणे शक्य नाही. मोठ्या प्रयोगशाळेच्या प्रमुखाचे नाव तेथील बहुतेक निबंधांवर येते, हे याचे सरळ उत्तर आहे. तसे होणे बेकायदा नाही. पण मग हा आकडा एका शास्त्रज्ञाच्या प्रज्ञेचा राहत नाही, तो एका कारखान्याच्या उत्पादनाचा होतो.

कारखाना वाढण्यास कारणही होते. फ्रान्समध्ये विद्यापीठीय रुग्णालयांना मिळणाऱ्या सरकारी निधीचा काही भाग तेथील डॉक्टरांच्या निबंधांची संख्या, नियतकालिकाचा दर्जा आणि लेखकांच्या यादीतील स्थान यांवरून ठरतो. निबंध अधिक तर पैसा अधिक. पैसा अधिक तर माणसे अधिक, आणि माणसे अधिक तर निबंध अधिक.

छत्तीस रुग्णांचा निबंध

मार्च २०२० मध्ये करोनाची साथ युरोपात थैमान घालत होती. राऊल्त यांच्या गटाने हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या जुन्या औषधाचा प्रयोग केला. हे औषध हिवताप आणि संधिवात यांसाठी वापरात होते आणि प्रयोगशाळेतील पेशींवर ते विषाणूला अडवते असे दिसले होते. तेव्हा ते रुग्णांवर तपासून पाहणे योग्यच होते. पाहावयाचे आहे ते तपासणी कशी झाली हे.

निबंध नियतकालिकाकडे १६ मार्चला गेला, १७ तारखेला स्वीकारला गेला आणि २० तारखेला प्रसिद्ध झाला. नियतकालिकाचे प्रमुख संपादक स्वतः त्या निबंधाचे एक सहलेखक होते. निष्कर्ष असा की औषध दिलेल्या २० जणांपैकी १४ जणांच्या नाकातून सहाव्या दिवशी विषाणू नाहीसा झाला, म्हणजे ७० टक्के. औषध न दिलेल्या १६ जणांपैकी केवळ दोघांच्या बाबतीत तसे घडले, म्हणजे १२.५ टक्के. एकूण रुग्ण ३६. हा फरक डोळे दिपवणारा आहे.

पण हीच आकडेमोड नववी-दहावीच्या विद्यार्थ्याने शांतपणे केली तर काय दिसते? औषध २० जणांना दिले नव्हते, २६ जणांना दिले होते. सहा जण हिशेबातून वगळले गेले. त्यांपैकी तिघांना अतिदक्षता विभागात हलवावे लागले, एक मरण पावला, एक रुग्णालय सोडून गेला आणि एकाने मळमळ होते म्हणून औषध थांबवले. औषध न घेणाऱ्या १६ जणांत मृत्यू किंवा अतिदक्षतेची एकही नोंद नव्हती. शिक्षकांना हे चटकन कळेल. परीक्षेला बसलेल्या २६ मुलांपैकी मध्येच उठून गेलेली सहा मुले पटावरून काढून टाकली, तर शाळेचा निकाल सुधारणारच. ते सहा पुन्हा पटावर घेऊन त्यांना अनुत्तीर्ण धरले, तर ७० टक्क्यांचे ५४ टक्के होतात.

तरीही ५४ हे १२.५ पेक्षा बरेच मोठे आहेत, असे कोणी म्हणेल. ते खरे आहे. मोठी उणीव तुलनेच्या गटात होती. कोणाला औषध द्यावयाचे हे चिठ्ठ्या टाकून ठरवले नव्हते. औषध नाकारणारे, औषधास अपात्र ठरलेले आणि दुसऱ्या केंद्रांतील रुग्ण मिळून तो गट झाला होता. औषध घेणाऱ्यांचे सरासरी वय ५१, तर न घेणाऱ्यांचे ३७. तुलनेच्या गटातील काहींची सहाव्या दिवशी तपासणीच झालेली नव्हती. शिवाय रुग्ण वाचला का, हा खरा प्रश्न बाजूला राहिला होता आणि नाकातील विषाणू मोजला गेला होता.

साथरोगशास्त्राचा पहिला धडाच हा आहे की दोन गटांची तुलना करताना एक गोष्ट सोडून बाकी सर्व बाबतींत ते सारखे हवेत. सारखे करण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे निवड दैवावर सोपवणे. ब्रिटनमधील 'रिकव्हरी' या चाचणीने तेच केले. तेथे रुग्णालयात दाखल झालेल्या १,५६१ रुग्णांना हे औषध मिळाले आणि ३,१५५ जणांना केवळ नेहमीचे उपचार मिळाले. अठ्ठावीस दिवसांत पहिल्या गटातील ४२१ जण दगावले, म्हणजे २७ टक्के. दुसऱ्या गटातील ७९० दगावले, म्हणजे २५ टक्के. हा फरक योगायोगानेही पडू शकतो, तेव्हा औषधाने मृत्यू वाढले असे यातून सिद्ध होत नाही. पण औषधाने जीव वाचत नाहीत, हे दिसले. ५ जून २०२० रोजी चाचणीच्या प्रमुखांनी तसे जाहीर केले.

उल्लेख वाढतच गेले

दरम्यान त्या ३६ रुग्णांच्या निबंधाने जग फिरून आले होते. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी औषधाची जाहीर तरफदारी केली. आपल्याकडे भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या कृतिदलाने मार्च २०२० च्या चौथ्या आठवड्यातच आरोग्यसेवकांना आणि रुग्णांच्या घरच्यांना प्रतिबंधक म्हणून हे औषध सुचवले. राष्ट्रीय उपचार-सूचनांतून ते वगळले गेले सप्टेंबर २०२१ मध्ये. अनेक देशांत ज्यांना संधिवातासाठी हे औषध खरोखर लागते त्या रुग्णांना त्याचा तुटवडा सोसावा लागला. कितीतरी संशोधकांनी आपला वेळ आणि रुग्णांची संमती या एकाच औषधाच्या चाचण्यांत घातली. त्या काळात दुसऱ्या औषधांची तपासणी होऊ शकली असती.

१७ डिसेंबर २०२४ रोजी तो निबंध मागे घेण्यात आला. नैतिक परवानगीची तारीख, रुग्णांची संमती आणि दोन गटांच्या तपासणीतील तफावत यांविषयीच्या शंकांचे समाधान झाले नाही, अशी कारणे देण्यात आली. तीन सहलेखकांनी स्वतःच पद्धतीबद्दल शंका व्यक्त केल्या होत्या. राऊल्त आणि इतर काही सहलेखकांना निबंध मागे घेणे मान्य नव्हते, हेही नोंदवले पाहिजे. तोपर्यंत त्या निबंधाचे सुमारे ३,४०० उल्लेख झाले होते. मागे घेतलेल्या निबंधांत उल्लेखांच्या दृष्टीने तो जगात दुसरा ठरला.

या ३,४०० उल्लेखांत औषधाची शिफारस करणारे किती आणि निबंधाचे वाभाडे काढणारे किती, हे संख्येवरून कळत नाही. गुणवत्तेच्या हिशेबात दोन्हींची किंमत सारखीच, प्रत्येकी एक. शेपर्डच्या सूचीतील चिन्हे येथे असती, तर 'निकाल रद्द' असा शिक्का या निबंधासमोर फार लवकर दिसला असता.

आणखी एक गोष्ट आकड्यांच्या मागे दडली होती. मार्सेयच्या संस्थेतून प्रसिद्ध झालेल्या ४५६ अभ्यासांची छाननी इतर संशोधकांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांपैकी २४८ अभ्यासांवर नैतिक परवानगीचा एकच क्रमांक होता. अभ्यासातील माणसे वेगळी, नमुने वेगळे, देशही वेगळे, आणि परवानगी मात्र एकच. २०२४ अखेर राऊल्त यांचे दोन डझनांहून अधिक निबंध मागे घेतले गेले होते. निबंधांची संख्या मोजणाऱ्यांपैकी कोणीही परवानगीचा क्रमांक वाचला नव्हता. तो वाचण्यासाठी निबंध उघडावा लागतो. निबंध न उघडता मत बनवता यावे, हीच तर आकड्यांची सोय आहे.

थोडे उल्लेख, मोठे काम

आता उलट बाजू पाहू. पेटन राऊस यांनी १९११ मध्ये कोंबड्यांतील एक कर्करोग विषाणूमुळे होतो असे दाखवले. त्यावर फार काळ कोणी विश्वास ठेवला नाही. त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले १९६६ मध्ये, वयाच्या ८७ व्या वर्षी. मधल्या काळात आजच्यासारखी दर पाच वर्षांनी आकड्यांची तपासणी झाली असती, तर त्यांचे काय झाले असते याची कल्पना करावी.

दुसरे उदाहरण आपल्या जवळचे आहे. पुण्याचे विषाणू संशोधन केंद्र १९५२ मध्ये भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि रॉकफेलर प्रतिष्ठान यांनी मिळून स्थापन केले. १९७८ पासून ते राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणून ओळखले जाते. १९५७ मध्ये कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूर जंगलाच्या परिसरात माकडे मरू लागली आणि माणसांना तीव्र ताप येऊ लागला. पुण्याच्या गटाने त्यामागचा नवा विषाणू वेगळा केला आणि तो गोचिडींमार्फत पसरतो हे दाखवले. त्यासाठी त्यांना जंगलात जाऊन गोचिडी, उंदीर, पक्षी आणि मेलेली माकडे गोळा करावी लागली. पुढे २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात हा माकडताप काजूच्या बागांत काम करणाऱ्यांना झाला. तेव्हा डॉक्टरांच्या हाती जे ज्ञान होते त्याचा पाया याच कामाने घातला होता.

या रोगावर जगात काम करणारे लोक थोडे. म्हणून त्यावरील निबंधांचे उल्लेखही थोडेच होणार. उल्लेख करणारे किती हे त्या विषयात किती माणसे आणि किती पैसा आहे यावर ठरते. करोना किंवा एड्सवरील मध्यम निबंधाला जे उल्लेख मिळतील ते माकडतापावरील उत्तम निबंधाला मिळणार नाहीत. आकड्यांवर बढती अवलंबून असेल, तर हुशार तरुण संशोधक दोडामार्गच्या काजूबागेत कशाला जाईल? त्याचा फटका शेवटी काजू वेचणाऱ्या बाईला बसतो.

मग विचारावे काय?

२०१२ च्या डिसेंबरात सॅन फ्रान्सिस्को येथे जमलेल्या काही संपादकांनी आणि शास्त्रज्ञांनी एक जाहीरनामा तयार केला. नियतकालिकाच्या निर्देशांकावरून माणसाची योग्यता ठरवू नये, निबंधातील मजकूर वाचून ठरवावी, असे त्याचे सार आहे. ऐकायला ते अगदी साधे वाटते, पण ते आचरणात आणणे कठीण आहे, कारण वाचायला वेळ लागतो आणि त्या विषयाची जाण लागते.

शिक्षकांना या रोगाची लक्षणे आमच्यापेक्षा अधिक परिचित आहेत. गुण हे शिकण्याचे माप म्हणून सुरू झाले. गुण हेच ध्येय झाले, तेव्हा अपेक्षित प्रश्नसंच आले, मार्गदर्शिका आल्या, आणि गुण वाढले तरी समज वाढली की नाही हे सांगता येईनासे झाले. संशोधनात हेच घडत आहे.

म्हणून यापुढे कोणा शास्त्रज्ञाचे नाव आकड्यांसह ऐकू आले, तर विद्यार्थ्यांनी चार प्रश्न विचारावेत असे आम्हांला वाटते. त्यांनी नेमके काय दाखवले? कशाशी तुलना करून दाखवले? हिशेबातून कोणाला वगळले? आणि ज्यांचा त्यात फायदा नाही अशा कोणी ते पुन्हा करून पाहिले का? मिमिव्हायरसचे काम या प्रश्नांना टिकते. छत्तीस रुग्णांचा निबंध टिकत नाही. दोन्हींवर एकाच शास्त्रज्ञाचे नाव आहे आणि दोन्हींची भर एकाच निर्देशांकात पडली आहे.

साथ पुन्हा येईल, तेव्हा आज वर्गात बसलेली मुले प्रौढ झालेली असतील. एखाद्या तासाला २६, २०, १४, १६ आणि २ हे पाच आकडे फळ्यावर लिहून, नाव न सांगता, त्यांना विचारून पाहावे की हे औषध तुम्ही तुमच्या आजीला द्याल का. द्यायचे की नाही हे ठरवण्यासाठी आणखी कोणती माहिती हवी, हेही त्यांना लिहायला सांगावे. ती यादी नीट झाली, तर साथरोगशास्त्राचा अर्धा अभ्यासक्रम त्या तासात झाला असे समजण्यास हरकत नाही.